एका तडितरक्षकावरून

हाइडेनफेल्ट, नेब्रास्का
१२ मे २०२५

चि. प्रताप यास अ. उ. आ.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला तुझी बोटं जाड आहेत, तेव्हा पत्राला पर्याय नाही. तुझं मागचं पाकीट आधी शेजारच्या कौंटीत जाऊन आलं. अक्षर सुधारण्याचं तुझं वय गेलं, पण निदान पिनकोड तरी छापील अक्षरात घालत जा.

उर्वी ठीक आहे. अमेरिकन डॉक्टर जिथे जायला तयार नसतात तिथे तीन वर्षं काढली की तिच्या व्हिसाचं भागतं. ही जागा त्या अटीत उत्तम बसते. तू माझ्यासाठी भरलेला अर्ज सोळा वर्षांनी पिकला आणि मी ग्रीनकार्ड घेऊन तुझ्याकडे न येता लेकीकडे आले, याचा राग तू पत्रात दाखवत नाहीस. मोठेपणा आहे तुझा.

गावाची वस्ती चारशे बारा, असं पाटीवर आहे. आम्हा दोघींना धरून चारशे चौदा, पण पाटी बदलायला ठराव लागतो. हॉस्पिटल एक, किराणा दुकान एक, धान्याचं उंच कोठार एक आणि लुथेरन चर्च दोन, एकमेकांपासून एका मैलावर: सेंट जॉन आणि झायन. दोन कशाला, असं विचारलं की लोक यंदा मका कसा आहे ते सांगतात.

गावाचं नाव जर्मनीहून आलेल्या मूळ शेतकऱ्यांनी ठेवलं. त्यांच्या मनात होतं 'माळरान'. पण जर्मनमध्ये त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ होतो 'मूर्तिपूजकांचं शेत'. म्हणजे दीडशे वर्षं ते नाव माझीच वाट बघत होतं. आता लोक त्याचा उच्चार 'हायडनफील्ड' करतात आणि आम्ही जर्मन आहोत असं अभिमानाने सांगतात. भाषा मात्र कोणालाच येत नाही. ज्यांना येत होती ते सगळे चर्चच्या मागे पुरलेत.

गेल्या आठवड्यात सेंट जॉनच्या दारावर दीडशेव्या वर्षाचा फलक लागला. त्यावरच्या स्वागताच्या जर्मन शब्दात एक 'एल' कमी. तीस वर्षं कॉलेजात जर्मन शिकवलेल्या बाईने काय करावं? तीन दिवस मी पलीकडच्या बाजूने चालत गेले. चौथ्या दिवशी आत शिरून सांगितलं. लॉरेन टीमान नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तिथे कोणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणासाठी सँडविचं कापत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, की हाताने लिहिलेलं जुनं जर्मनही मला वाचता येतं का. मी म्हटलं, माझा एम. ए.चा प्रबंधच मिशनऱ्यांच्या पत्रांवर होता. ती लिपी म्हणजे जर्मनांची मोडी, आणि आपल्या मोडीसारखीच वारसांना निरुपयोगी.

दुसऱ्या दिवशी ती दारात हजर. एका हातात आंबट देठांचा गोड पाय, म्हणजे खायचा, आणि दुसऱ्या हातात खोकं. खोक्यात १८७५पासूनची चर्चच्या सभांची इतिवृत्तं. तिचा नवरा व्हर्जिल हा चर्चच्या कार्यकारिणीचा अध्यक्ष. वर्षाअखेरीला समारंभ आहे, त्यासाठी त्याला पूर्वजांच्या श्रद्धेवर पुस्तिका काढायची आहे. भाषांतर माझ्याकडे आलंय.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर पानं वाढतील.

तुझी
वसुधाताई


चँडलर, अ‍ॅरिझोना
२५ मे २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पिनकोड छापील अक्षरात घातला आहे. आता तरी पोस्टमनला दोष दे.

इथे पारा एकशे सहा. सकाळी साडेपाचला फिरून येतो, नंतर दिवसभर ए.सी.समोर बसून फिरून आल्याचा अभिमान बाळगतो. रत्ना असती तर म्हणाली असती, की फेरी पाव मैलाची आणि वर्णन दोन मैलांचं. आमच्या चिरंजिवांनी, अमेयने, सनीव्हेलहून फोन केला होता. मला अर्धंच ऐकू आलं, पण तो अर्धंच बोलत असल्यामुळे नुकसान झालं नाही.

तू पुण्यात सोसायटीच्या कमिटीला बारा वर्षं 'वेळ नाही' म्हणालीस आणि आता जर्मन शेतकऱ्यांच्या कमिटीत बसलीस. पूर्वजांच्या श्रद्धेवर पुस्तिका काढणाऱ्यांना मी ओळखतो. त्यांना भाषांतर नको असतं, प्रशस्तिपत्र हवं असतं. तू आयुष्यात एकालाही प्रशस्तिपत्र दिल्याचं आठवत नाही. लॉरेनबाईंना याची कल्पना द्यावी.

मागची खोली रिकामी आहे. तिथे व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर मी टॉवेल वाळत घालतो. हे सहज कळवलं.

उर्वीला आशीर्वाद. तुझ्या आशीर्वादांची आवक चालू राहावी.

तुझा
प्रताप


हाइडेनफेल्ट
३० जून २०२५

चि. प्रताप यास अ. उ. आ.

पूर्वजांची श्रद्धा कळवते.

१८७७: कोणाची डुकरं चर्चच्या आवारात शिरली यावर तीन सभा. १८८१: शेगडी पुरुषांच्या बाजूला ठेवायची की बायकांच्या, यावर पाच सभा. निकाल, पुरुषांच्या. १८८६: मास्तरांनी लग्नात सारंगी वाजवली म्हणून समज. पुण्यातल्या आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठव आणि पार्किंगच्या जागी डुकरं घाल, म्हणजे भाषांतर वाचायची गरज नाही.

पण खरी गोष्ट १८९४ची. गावात दोन चर्च का, याचं उत्तर कार्यकारिणीतला प्रत्येक जण मान खाली घालून देतो: शिकवणुकीचा मतभेद. झायनच्या कोनशिलेवर तर 'शुद्ध शिकवणुकीसाठी' असं कोरलंय. मला वाटलं, चांगला पोटभर धर्मशास्त्रीय वाद वाचायला मिळणार. म्हणून चष्मा पुसून बसले.

वाद तडितरक्षकाचा. शाळेच्या पुस्तकात होता तोच, छपरावरचा टोकदार दांडा. त्या उन्हाळ्यात एकाच्या गोठ्यावर वीज पडली, म्हणून काहींनी सुचवलं की चर्चच्या मनोऱ्यावर दांडा बसवावा. व्हर्जिलचे पणजोबा हाइनरिश टीमान उठून म्हणाले, की देवाच्या घराला देवापासूनच संरक्षण कसलं मागता? हा अविश्वास आहे. चार सभा झाल्या. मग दांडेवाल्यांनी एका शनिवारी स्वतःच दांडा बसवला. रविवारी पहाटे हाइनरिश पन्नाशीत शिडीवर चढले आणि तो उपटून आले. त्या रविवारी प्रार्थना झाली नाही, बाकी सगळं झालं. एकेचाळीसपैकी सोळा कुटुंबं बाहेर पडली आणि मैलभर अंतरावर त्यांनी झायन उभारलं. जाताना शेगडी घेऊन गेली, ती त्यांनीच दिलेली होती.

एकशे एकतीस वर्षांत दोन्ही चर्चवर वीज एकदाही पडलेली नाही. तिला या वादात पडायचं नसावं.

आता पुढचं नीट वाच. १९१८नंतरची इतिवृत्तं इंग्रजीत आहेत. १९३१च्या वहीत सेंट जॉनची एक ओळ: विमा कंपनीच्या अटीनुसार मनोऱ्यावर तडितरक्षक बसवण्यात आला. सूचक, अनुमोदक, पुढचा विषय. कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे ज्यावरून गाव फुटलं तो दांडा गेली चौऱ्याण्णव वर्षं त्यांच्याच डोक्यावर उभा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज दिसतो.

हे इतकं हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. दोन्ही चर्च मिळून आता साठ माणसं येतात आणि सगळ्यांचे मिळून तीसएक गुडघे धड असतील. पास्टर केली ही एकच बाई दोन्हीकडे धावते. बिशपच्या ऑफिसने कळवलंय, की एक व्हा, नाहीतर जानेवारीपासून पास्टर मिळणार नाही. व्हर्जिल म्हणतो, पूर्वजांनी शुद्ध शिकवणुकीसाठी घेतलेला निर्णय आपण कोण मोडणार? त्याची सख्खी धाकटी बहीण आर्लीन १९६८ साली झायनच्या मुलाशी लग्न करून गेली. घरचं कोणी लग्नाला गेलं नाही. तेव्हापासून भाऊबहीण बोलत नाहीत. किराणा दुकानात समोरासमोर आले, तर दोघंही डबाबंद वाटाण्यांवरची माहिती वाचतात. हे मला लॉरेनने सांगितलं. आता ती रोज दुपारी येते. मी तिला चहा करायला शिकवलंय, ती मला शांत बसायला शिकवतेय. तिची प्रगती जास्त आहे.

उर्वीचा नमस्कार. तुझ्या सायकलवरच्या टॉवेलांना माझा लोभ कळव.

वसुधाताई


चँडलर
१२ जुलै २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून. दांडा नुसता उभा करून भागत नाही, त्याची तार जमिनीत खोल पुरावी लागते. अर्थिंग नसेल तर दांडा नसलेला बरा. १८९४ साली त्या शनिवारी बसवणाऱ्यांनी ती तार पुरली होती का, याची नोंद आहे? नसेल तर हाइनरिशरावांनी दांडा काढला ते चुकीच्या कारणासाठी केलेलं योग्य काम. अशी कामं माझ्या कंपनीत प्रमोशनला पात्र ठरायची.

सायकल एका बंगाली माणसाला देऊन टाकली. तिथे आता खिडकीशी एक टेबल आहे. सेलमध्ये होतं म्हणून घेतलं. मला टेबल लागत नाही, मी मांडीवर पाट घेऊन लिहितो, हे तुला माहीत आहेच. पडदे कोणत्या रंगाचे बरे दिसतात ते कळव. सहज विचारतो.

उर्वीची तीन वर्षं फेब्रुवारीत संपतात असा माझा हिशेब आहे. तिला इथे डॉक्टरांच्या जागा शेकड्याने मिळतील. इथे माणसं भरपूर आजारी आहेत.

आशीर्वाद असू द्यावेत, टोमण्यांसकट चालतील.

प्रताप


हाइडेनफेल्ट
२० ऑगस्ट २०२५

चि. प्रताप यास अ. उ. आ.

पडदे फिके पिवळे घे. बाकी उत्तर नंतर देते, कारण इथे मी घोटाळा करून ठेवलाय.

तडितरक्षकाचं भाषांतर व्हर्जिलने मुकाट्याने वाचलं. तोंड कडू केलं, पण म्हणाला, की असं असेल तर असं. त्यानंतर मी ११ जानेवारी १८९६चं पान केलं. ते जसंच्या तसं सांगते.

हाइनरिश टीमानची थोरली मुलगी फाटाफुटीच्या आधीच दांडेवाल्यांच्या घरी दिलेली होती. त्या हिवाळ्यात तिची तीन वर्षांची मुलगी मेटा घटसर्पाने गेली. झायनला तेव्हा स्वतःची दफनभूमी नव्हती. तिने सेंट जॉनकडे विनंती केली, की माझ्या आईच्या शेजारी माझ्या मुलीला जागा द्या. आई म्हणजे हाइनरिशचीच बायको, दोन वर्षांपूर्वी वारलेली. सभा भरली. चार जण द्यावी म्हणाले. मग इतिवृत्त लिहिणाऱ्या मास्तरांच्या सुंदर अक्षरात पुढचं वाक्य येतं: 'बंधू टीमान यांनी स्वतः विनंती केली, की त्यांच्या घराण्यासाठी अपवाद करू नये. विनंती मान्य.' पुढचा विषय, तबेल्याची दुरुस्ती.

ते वाक्य मी तीनदा तपासलं. क्रियापद वाचण्यात चूक झाली असेल अशी आशा होती. जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आशा बराच वेळ टिकते.

व्हर्जिल घरी आला. टोपी गुडघ्यावर ठेवून स्वयंपाकघरात बसला आणि पाऊण तास पावसावर बोलला. मग म्हणाला, की पुस्तिकेत सगळं घालायची गरज नसते. ते एक पान राहिलं तर कोणाचं अडणार नाही. मी म्हटलं, की माझं अडेल. भाषांतर करीन तर सगळं, नाहीतर काहीच नाही. दुसरा कोणी जर्मन जाणणारा सापडला तर खोकं त्याला द्या. तो म्हणाला, की दुसरा नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे म्हणूनच बोलले. कॉफी अर्धी ठेवून गेला. या गावात कॉफी अर्धी ठेवणं म्हणजे काय, हे तुला इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्यानंतर अकरा दिवस झाले, लॉरेन आलेली नाही. दुपारी साडेतीनला मी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. वय झाल्याचं लक्षण आहे, दुसरं काही नाही.

वर असं, की व्हर्जिल हॉस्पिटलच्या बोर्डावर आहे आणि उर्वीच्या पुढच्या काँट्रॅक्टचा निर्णय ऑक्टोबरात. हे मला बोलायच्या आधी माहीत नव्हतं. उर्वी म्हणाली, की आई, तू तुझं काम कर, माझं मी मॅनेज करते. असं म्हणून तिने धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी लिही.

वसुधाताई


चँडलर
३१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तुला माहीत आहे तेच लिहितो. गप्प बस. तू त्या गावात पाहुणी आहेस. दुसऱ्याच्या घरातलं मेलेलं मूल उकरून काढणं हे पाहुण्याचं काम नाही. मुलीची नोकरी, तुझी मैत्रीण, दोन्ही एका वाक्यासाठी घालवू नकोस. तेही दुसऱ्याच्या भाषेतलं वाक्य.

इथवर काल लिहिलं होतं. आज पुढे लिहितो.

रत्ना गेली तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी तिच्यावर चार परिच्छेद लिहून तुला पुण्याला पाठवले होते. तू सांत्वन करायच्या आधी कळवलंस, की तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य खोटं आहे. मी लिहिलं होतं, 'आमच्यात कधी भांडण झालं नाही.' मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. पण वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं, की आम्ही चाळीस वर्षं भांडलो आणि आता घरात फार शांतता आहे. पुष्कळांनी ते वाचून मला पत्रं पाठवली. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू चढून बसली असतीस.

तेव्हा माझा सल्ला असा. पान गाळू नकोस, पण छापूही नकोस. भाषांतर पूर्ण कर आणि व्हर्जिलच्या हातात दे. ते पणजोबा त्याचे आहेत. कात्री चालवायची तर त्याने चालवावी. तू फक्त व्याकरण सांभाळ.

पिवळे पडदे मिळाले. फिके मिळाले नाहीत, त्यामुळे खोली हळदीकुंकवाला बसल्यासारखी दिसते.

तुझा सल्लागार (विनामूल्य),
प्रताप


हाइडेनफेल्ट
२६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रताप यास अ. उ. आ.

तुझं ऐकलं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

सप्टेंबरात सगळं भाषांतर पूर्ण करून व्हर्जिलला नेऊन दिलं आणि सांगितलं, की मी माझं काम केलंय, आता कागद तुमचे आहेत. त्याने ते ट्रॅक्टरच्या पावत्यांच्या कपाटात ठेवले. एकोणीस दिवस काही नाही. विसाव्या दिवशी लॉरेन पाय घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, की तिला चहा हवाय. तिने सांगितलं, की व्हर्जिल हल्ली पहाटे उठून ते पान वाचतो आणि गोठ्यात जातो. इतके दिवस का आली नाहीस, हे मी विचारलं नाही. शांत बसण्यात मी शेवटी पास झाले.

गेल्या रविवारी दोन्ही चर्चची एकत्र सभा. सेंट जॉनवाले झायनमध्ये जायला तयार नाहीत आणि झायनवाले इकडे यायला, म्हणून सभा आगीच्या बंबाच्या शेडमध्ये. बंब बाहेर उभा केला, माणसं आत. अठ्ठावन्न डोकी आणि कॉफीची पिंपं दोन. एका पिंपातली कॉफी दुसऱ्या पक्षाने प्यायली तर श्रद्धा पातळ होत असावी.

व्हर्जिल उठला. आधी त्याने तडितरक्षकाचं वाचलं. मग झायनचा एक म्हातारा म्हणाला, की हल्ली कोणाच्या छपरावर आहे तो दांडा? पास्टर केलीने सांगितलं, दोन्ही चर्चच्या. कोपऱ्यात एक बाई खुसखुसली, मग तिच्या शेजारची, मग हळूहळू सगळी शेड. एकशे एकतीस वर्षांचं हसणं साठलेलं होतं, त्यामुळे बराच वेळ चाललं.

मला वाटलं आता बसेल. त्याने पान उलटलं.

मेटाचं पान त्याने रेडिओवर बाजारभाव सांगतात तसं वाचलं, चढउतार न करता. 'बंधू टीमान यांनी स्वतः' इथे थांबला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि वाक्य पहिल्यापासून वाचलं. तबेल्याची दुरुस्तीसुद्धा वाचली. मग म्हणाला, की हे त्याच्या घराने केलं आणि पुढेही करत राहिलं, आणि खाली बसला. पास्टर केली शहाणी बाई. तिने लगेच प्रार्थना सुरू केली नाही, कॉफी जाहीर केली.

व्हर्जिल रिकामा कप घेऊन निघाला आणि शेड ओलांडून झायनच्या पिंपाशी गेला. तिथे आर्लीन उभी होती. मी आणि लॉरेन चार हातांवर होतो. सत्तावन्न वर्षांनी माणूस काय बोलतो हे ऐकायला मी कान टवकारले. त्याने विचारलं, की सोयाबीन काढून झालं का. ती म्हणाली, निम्मं झालंय, उत्तरेकडचं अजून ओलं आहे. तो म्हणाला, की मंगळवारपासून त्याचं मशीन मोकळं आहे. ती म्हणाली, बरं. मग तिने त्याचा कप भरला.

मी लॉरेनकडे बघितलं, म्हटलं एवढंच? तिचे डोळे वाहत होते. ती कुजबुजली, की टीमान घराण्यात याला गळ्यात पडून हंबरडा फोडणं म्हणतात.

मतदान झालं. एक व्हायच्या बाजूने चव्वेचाळीस, विरुद्ध अकरा, तिघांनी मत दिलं नाही. कोणती इमारत ठेवायची ते ठरलं नाही. त्यासाठी समिती नेमली आहे, म्हणजे आणखी शंभर वर्षं काळजी नाही.

गुरुवारी आर्लीन मला घेऊन झायनच्या दफनभूमीत गेली. व्हर्जिल तिच्याच शेतात मशीन चालवत होता, तोही धुळीने माखलेला आला. तिथली सगळ्यात जुनी कबर मेटाची. दगड हातभर उंचीचा, झिजलेला. काय लिहिलंय ते आजवर कोणालाच वाचता आलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसले. बापाने स्वतः कोरलं असणार, कारण पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक आहे. 'आमची मेटा' असं हवं, तिथे त्याने 'आमचं मेटा' कोरलंय. जर्मनमध्ये हे सरळ चूक. मराठीत आपण लेकराला असंच म्हणतो. मी त्यांना अर्थ सांगितला: आमचं मेटा इथे निजलंय. व्याकरणाची चूक मात्र सांगितली नाही. मग व्हर्जिल म्हणाला, की संध्याकाळी पाऊस दिसतोय, आणि मशीनकडे गेला.

आता घरचं. बोर्डाने उर्वीला आणखी दोन वर्षांचं काँट्रॅक्ट देऊ केलं. हात पहिला व्हर्जिलचा वर गेला म्हणे. तिने सही केली, आणि मी तिच्याबरोबर राहणार आहे. तुझी सायकल का गेली, टेबल का आलं आणि पडदे मला का विचारलेस, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. पहिल्याच पत्रात कळलं होतं. तू सरळ विचारलं नाहीस, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं नाही. आपलंही घराणं काही कमी नाही.

येतोस का? लॉरेनने विचारलंय, की तुझ्या भावाला आंबट देठांचा पाय चालेल का. मी म्हटलं, त्याला काहीही चालतं, त्याचं अक्षर बघ.

माया कमी झालेली नाही, फक्त पत्ता तोच राहणार आहे.

तुझी
वसुधाताई


चँडलर
८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी आलं. उत्तर आज देतोय, कारण मधले चार दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. आज सकाळी तो राग फिरायला नेला आणि पाव मैलात संपला.

मागच्या खोलीत आता मी बसतो. टेबल चांगलं आहे. पिवळ्या पडद्यांतून ऊन येतं तेव्हा डोळ्यांना त्रास होतो, पण उठवत नाही. सरळ विचारलं नाही, हे तुझं म्हणणं मान्य. सरळ विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर पुढे लिहायचं कशाबद्दल, ही भीती होती. घरात दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून मी तुला इतकी लांब पत्रं लिहितो. अक्षर वाईट आहे हे खरं, पण ते तुझ्याशिवाय दुसरं कोणी वाचतही नाही.

अमेय माझं तुमच्याकडच्या ओमाहाचं विमानाचं तिकीट काढतोय, १० डिसेंबरचं. परतीचं काढू का असं त्याने फोनवर विचारलं. मी त्याला सांगितलं, की मला नीट ऐकू येत नाही.

थंडीचे कपडे माझ्याकडे एकही नाहीत. व्हर्जिलच्या मापाचा जुना कोट असेल तर लॉरेनबाईंना काढून ठेवायला सांग. उंचीला मोठा झाला तरी चालेल.

उर्वीला सांग, मामा येतोय. दुपारी साडेतीनला तिसरा कप काढत जा.

तुझा
प्रताप